दुर्बीण इथे घालावी की घाटापलीकडे?

पोटाची दुर्बीण करायची ठरली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो 'कुठे करू?' रत्नागिरी-कणकवलीत, की कोल्हापूर, गोवा, मुंबईला? त्याआधी 'कुठली दुर्बीण?' हे विचारून घ्या. उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

तोंडातून घालायची गॅस्ट्रोस्कोपी जवळ करून घ्यावी, असं माझं मत. सहा-आठ तास उपास, काम पाच-दहा मिनिटांचं. निवड करायची ती घशात स्प्रे की झोपेचं इंजेक्शन एवढीच. स्प्रेत उमासे येतात, डोळ्यांतून पाणी येतं, पण तासाभरात चहा घेऊन घरी जाता येतं. इंजेक्शनने काही जाणवत नाही, मात्र सोबत माणूस लागतो आणि त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही. एक गोष्ट अनेकांना सांगितली जात नाही: पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर जठरातल्या जंतूची चाचणी खोटी 'निगेटिव्ह' येऊ शकते. ती दोन आठवडे आधी थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारा. आणि गिळताना घास अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर कुठे करायची याचा घोळ नको. लवकर जिथे होईल तिथे करा.

कोलोनोस्कोपीचं, म्हणजे गुदद्वारातून मोठं आतडं बघायच्या दुर्बिणीचं, गणित वेगळं. खरा त्रास दुर्बिणीचा नाही, आधी पोट साफ करण्याचा. दोन-तीन दिवस चोथा नसलेलं जेवण: पांढरा भात, अंडं, मासे चालतात, पण नारळाच्या वाटपाशिवाय. (मालवणी माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.) लाल तांदळाची पेज, कुळीथ, फणस बंद. आदल्या दिवशी शहाळ्याचं पाणी, कोरा चहा असं पातळ. कोकम सरबत मात्र नको. त्याचा लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवतात. रक्त पातळ करणारी गोळी आणि इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

साफसफाईचं औषध दोन भागांत घेतलं की आतडं जास्त स्वच्छ होतं. दुसरा भाग तपासणीच्या चार-सहा तास आधी प्यायचा असतो. म्हणजे सकाळी दहाची वेळ असेल तर पहाटे औषध, आणि देवगडहून निघालेला माणूस नेमका त्याच वेळी फोंडा घाटात. असं करू नका. एक तर जवळ करा, नाहीतर आदल्या दुपारीच पोचून संडास जोडलेल्या खोलीत मुक्काम करा.

तरीही जवळचं ठिकाण नेहमी बरं, असंही नाही. फोनवर एवढं विचारा: पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरची गाठ) सापडला तर तेव्हाच काढता का? 'नाही' म्हणाले तर सगळं औषध पुन्हा प्यायचं, पुन्हा खर्च. तिथे मी घाटापलीकडचा पर्याय घेईन. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी. मोठा पॉलिप काढल्यावर मात्र दोन आठवड्यांपर्यंत कधीही रक्त जाऊ शकतं. बोटीवर कामाला असणाऱ्याने तेवढे दिवस खोल समुद्रात जाऊ नये.

तिसरी ईआरसीपी, पित्तनलिकेतला खडा काढण्याची. इथे जवळ-लांब पाहूच नये; वरचेवर ती करणारा डॉक्टर असेल तिथेच जावं, कारण शंभरात तीन ते दहा जणांच्या स्वादुपिंडाला नंतर सूज येते. खडा आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर एमआरसीपी हा स्कॅन पुरतो, त्यात दुर्बीणच नसते. ईआरसीपीत प्लास्टिकचा स्टेंट (पित्तनलिका उघडी ठेवणारी छोटी नळी) बसवला असेल तर तो साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय परतीची गाडी पकडू नका.