लाकडी पांगुळगाडा : आजी-आजोबांच्या कमरेसाठी घेताना

दहा महिन्यांचं अचपळ मूल खाटेला, भिंतीला, आजीच्या पदराला धरून उभं राहू लागलं की घरातल्या थोरांच्या कमरेवर खरा भार येतो. त्याला बोटं धरून चालवायचं म्हणजे पासष्टीच्या माणसाने काटकोनात वाकून घरभर फिरायचं, तेही दिवसातून वीस-पंचवीस वेळा. आई-बाबा कामावरून परत येईपर्यंत हे चालू असतं, आणि आजी-आजोबा कुरकुर करत नाहीत म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या श्रमांची जाण ठेवून घरात एखादी वस्तू आणायची असेल, तर पारंपरिक तीनचाकी पांगुळगाडा आम्ही पहिला सुचवू. मात्र तो दुकानातून आणून तसाच आजीच्या हवाली करू नये.

आधी एक घोळ दूर करू. चाकं लावलेल्या गोल चौकटीत मूल बसतं आणि पायाने जमीन ढकलतं, तो वॉकर निराळा. त्यात मूल स्वतःचा तोल सांभाळत नाही, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जिन्यापर्यंत पोचतं. गुडघे धरलेल्या आजोबांना त्याला गाठणं शक्यच नसतं. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. पांगुळगाड्यात मूल मागे उभं राहतं, मूठ धरून गाडा ढकलतं, दमलं की तिथेच बूड टेकतं. तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो.

गाड्याचा आणखी एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. एक हात धरून चालणारं मूल अचानक पाय सोडतं, तेव्हा धरणारा घाबरून तो हात वर खेचतो. एक ते चार वर्षांच्या मुलांचं कोपर अशाच हिसक्याने निखळतं. मग मूल हात लोंबता ठेवून रडतं, आणि आजी पुढे कित्येक दिवस स्वतःला दोष देत राहते. मूल गाड्याची मूठ धरून असलं की त्याचा हात ओढण्याची वेळच कमी येते.

घेताना पहिलं माप मुठीच्या उंचीचं. ती उभ्या मुलाच्या बेंबीच्या वर आणि छातीच्या खाली यावी. पाऊण मीटर उंचीच्या मुलाला ४२ ते ४८ सेंमी बरोबर बसते. मूठ त्याहून खाली असली की मूल पुढे ओणवं होतं आणि गाडा पळतो. फार वर असली तर ते मुठीला लोंबकळतं आणि गाडा मागे उलटतो. मागच्या दोन चाकांमध्ये ३५ ते ४० सेंमी अंतर हवं. अरुंद गाडा वळणावर कलंडतो, आणि घरात तर पावलोपावली वळणंच असतात.

मग गाडा उलटा करून चाकं हलवून पाहा. चाक आणि चौकट यांच्यातली फट ५ मिमीपेक्षा कमी असावी, नाहीतर १२ मिमीपेक्षा जास्त. मधल्या मापाच्या फटीत बाळाची करंगळी जाते आणि अडकते. चाक आसावर खिळ्याने अडवलेलं असेल तर तो खिळा सैल होऊन बाहेर येतो. लाकडी खुंटी किंवा नटबोल्ट बरा. पुष्कळ गाड्यांना घुंगरं लावलेली असतात. ती जरूर असू द्या, कारण भाजी परतणाऱ्या आजीला आवाजावरून कळतं की स्वारी कुठे निघाली आहे, आणि आवाज थांबला की पाहायला जायचंय हेही कळतं. पण तारेच्या कडीत ओवलेलं घुंगरू आठवड्याभरात सुटतं आणि ते गिळण्याजोगंच असतं. रिव्हेट मारून पक्की केलेली घुंगरं ठेवा, बाकीची काढून टाका.

रंगाच्या बाबतीत चोखंदळ राहा, कारण दात येणारं मूल मूठ चावणारच. सावंतवाडीच्या चितार आळीत किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या मालात लाखेचं काम मिळतं, ते पहिल्या पसंतीचं. ऑइलपेंटचा जाड चकचकीत थर असेल आणि नखाने त्याचे पोपडे निघत असतील तर तो गाडा घेऊ नका. भारतात २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे, पण कारागिराने कोणता डबा वापरला हे डोळ्यांना दिसत नाही. खेळण्यांवर २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, तरी नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून चिन्ह नसलेला गाडा वाईटच असं नाही, फक्त तपासणी आपल्या अंगावर येते. रंग न दिलेला, नीट घासलेला आंब्याच्या लाकडाचा गाडा मिळाला तर उत्तमच.

आता याचा सर्वांत मोठा दोष. शेणाने सारवलेल्या अंगणात हा गाडा आपोआप हळू चालायचा. व्हिट्रिफाइड टाइल्सवर तो मुलाच्या पायांपेक्षा जोरात पळतो आणि मूल तोंडावर आपटतं. याला दोन उपाय आहेत आणि ते गाडा घरी आला त्याच दिवशी मुलाने, सुनेने, लेकीने किंवा जावयाने स्वतः करावेत. धुतलेली कोरडी वाळू एक किलो घ्या, जुन्या जीन्सच्या पायाच्या तुकड्यात घालून दुहेरी टाक्यांनी शिवून टाका, आणि ही उशी पुढच्या चाकाजवळ चौकटीवर घट्ट बांधा. वजन पुढे आणि खाली असल्याने गाडा सावकाश सुटतो, शिवाय मूल मुठीला धरून उठताना मागे उलटत नाही. पावलं स्थिर झाली की अर्ध्या किलोची उशी करा, मग काढून टाका. दुसरं, सायकलच्या जुन्या ट्यूबची २ सेंमी रुंद पट्टी कापून मागच्या चाकांवर रबराच्या गोंदाने चिकटवा. जोड तिरका कापा, सरळ जोड उचकटतो. पट्टीला चुका, म्हणजे बारीक खिळे, मारू नका. रबरामुळे चाक बाजूला घसरत नाही आणि खालच्या मजल्यावरच्यांची दुपारची झोपही मोडत नाही.

वापरताना पाय अनवाणी हवेत, मोजे नकोत. तेल लावल्यानंतर आंघोळ होईपर्यंत गाडा वर ठेवायचा, कारण तेलकट तळवा फरशीवर टिकत नाही. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. आजीने खोलीच्या एका टोकाला पाठीला टेका असलेल्या खुर्चीत बसावं, आजोबांनी दुसऱ्या टोकाला, आणि गाडा दोघांच्या मध्ये जा-ये करू द्यावा. प्रत्येक टोकाला फक्त वळवून द्यायचा. यात कुणालाच वाकावं लागत नाही. त्याआधी जिन्याचं दार, न्हाणीघर आणि बाल्कनी बंद. उंबरठा असलेल्या घरात गाडा एकाच खोलीत राहील, हे धरून चाला.

एक धोका मुलाला नाही, थोरांना आहे. रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाच्या नडगीशी हा गाडा येतो, आणि या वयातलं पडणं खुब्यावर जातं. म्हणून निजण्याआधी गाडा खिळ्याला टांगायचा. दोन-अडीच किलोंचं वजन आजींना खांद्यापर्यंत उचलता येत नसेल तर तो खाटेखाली सरकवा. वाट मोकळी आहे ना, हे घरातल्या तरुण माणसाने रोज पाहावं.

गाड्यामुळे मूल लवकर चालेल अशी आशा धरू नका आणि आजीला तर त्याबद्दल मुळीच विचारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांत आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका पसरलेला आहे. शेजारचं बाळ अकराव्या महिन्यात चाललं म्हणून हिच्या सांभाळण्यात काही कमी पडलं, असा सूर घरात निघाला की दिवसभर राबलेल्या बाईला ते फार लागतं.

आमच्या मते वस्तू घेण्यासारखी आहे. टाइल्सच्या घरात मात्र वाळूच्या उशीशिवाय नको, आणि आजी दिवसभर एकटीच असेल तर संध्याकाळी दुसरं माणूस घरी आल्यावरच काढावी. दर रविवारी बोल्ट पान्याने आवळा, घुंगरं ओढून पाहा, मुठीला कुसळं निघाली असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. मूल हात सोडून पळायला लागलं की गाड्याचं काम संपतं. पुढच्या घरी देताना ट्यूबची पट्टी नवी लावा, आणि वाळूची उशीही सोबत द्या.