जीडीबीमधून रजिस्टर्स वाचणे आणि बदलणे : काही महिन्यांच्या वापरानंतर

सी भाषेत लिहिलेला एक जुना प्रोग्रॅम मी गेले काही महिने ६४-बिट लिनक्सवर जीडीबी या डिबगरखाली (प्रोग्रॅम थांबवून आतून तपासण्याचे साधन) चालवत आहे, आणि त्यातला बराच वेळ प्रोसेसरची रजिस्टर्स (त्याच्या आतल्या छोट्या साठवणीच्या जागा) पाहण्यात व बदलण्यात गेला. या कामासाठी जीडीबी भरवशाचा आहे. मात्र पडद्यावरचा आकडा कुठून आला हे ठाऊक असेल तरच.

प्रोग्रॅम थांबलेला असताना जीडीबी थेट प्रोसेसरला काही विचारत नाही. थांबवताना कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, थांबलेल्या थ्रेडची (प्रोग्रॅमच्या चालू धाग्याची) रजिस्टर्स स्वतःकडे उतरवून ठेवलेली असतात. पीट्रेस या सिस्टिम कॉलमार्फत जीडीबी तीच प्रत वाचतो, आपण दिलेले नवे मूल्यही तिच्यातच लिहितो आणि थ्रेड पुन्हा सुरू होताना कर्नल ती प्रोसेसरमध्ये भरतो. मेमरी मागून घेणारे मॅलॉक हे फंक्शन अपयशी ठरल्यावर प्रोग्रॅम काय करतो हे पाहण्यासाठी मला याचा सर्वाधिक उपयोग झाला. खरोखरीची मेमरी संपवत बसण्यापेक्षा ‘फिनिश’ देऊन मॅलॉकमधून बाहेर यावे, फंक्शनचे उत्तर ज्यात परत येते त्या आरएएक्स रजिस्टरमध्ये शून्य घालावे आणि ‘कंटिन्यू’ द्यावे. आमच्या प्रोग्रॅमने तो पॉइंटर न तपासताच वापरला आणि सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या मेमरी-पत्त्याला हात लावल्याची चूक) आला, तोही ज्या ओळीवर संशय होता तिथेच.

ब्रेकपॉइंटच्या (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा त्या खुणेच्या) वेळची सफाई सहसा लक्षातही येत नाही. जीडीबी मूळ सूचनेचा पहिला बाइट बाजूला ठेवून तिथे ०xसीसी ही थांबवणारी सूचना लिहितो. ती एका बाइटची सूचना पार पडल्यावर आरआयपी, म्हणजे पुढच्या सूचनेचा पत्ता ठेवणारे रजिस्टर, एकाने पुढे सरकलेले असते, ते जीडीबी निमूटपणे मागे घेतो.

खरी सावधगिरी हवी ती ‘अप’ देऊन वरच्या फ्रेममध्ये, म्हणजे चालू फंक्शनला बोलावणाऱ्या फंक्शनच्या पातळीवर, गेल्यावर. आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ ही रजिस्टर्स बोलावलेल्या फंक्शनने जशीच्या तशी परत करायची असतात. त्याने ती स्टॅकवर कुठे ठेवली याची नोंद कंपायलर ड्वार्फ माहितीत (डिबगरसाठी प्रोग्रॅमसोबत ठेवलेल्या नोंदींत) करतो आणि जीडीबी तिथून मूल्य उचलतो. अशा वेळी आरबीएक्स बदलले, तर लेखन स्टॅकवरच्या त्या जागेत होते. आरएएक्स किंवा आरडीआय या, जशीच्या तशी परत करण्याचे बंधन नसलेल्या रजिस्टर्सबाबत अशी नोंदच नसते, तरीही जीडीबी आतल्या फ्रेममधले मूल्य जणू वरच्या फ्रेमचेच असल्यासारखे दाखवतो. इथे त्याने स्पष्ट नकार दिला असता तर मला अधिक आवडले असते. वरच्या फ्रेममधून आरएएक्स बदलण्याच्या फंदात तर पडूच नये, कारण बदल आतल्या फ्रेमवर होतो.

‘लेआउट रेग्ज’ या रजिस्टर्स दाखवणाऱ्या मांडणीमध्ये प्रत्येक पायरीनंतर बदललेली रजिस्टर्स उठून दिसतात, ही सोय रोजच्या कामात मोलाची आहे. व्हेक्टर रजिस्टर्स (एकाच वेळी अनेक आकडे धरणारी, जसे एक्सएमएम०) मात्र साध्या ‘इन्फो रजिस्टर्स’मध्ये येत नाहीत, आणि नुसते एक्सएमएम० छापले तर एकच मूल्य दशांश, पूर्णांक अशा अनेक रूपांत समोर ओतले जाते, म्हणून मी नेहमी हवे ते रूप नावानिशी मागतो.