जुनं पुस्तक युनिकोडमध्ये आणायचंय: टेसरॅक्ट की चॅटबॉट?

एआय चार दिवसांचं खूळ आहे की टिकणारं, हा प्रश्न जुनं मराठी पुस्तक युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर शोधता येईल अशा मजकुरात, आणणाऱ्याला फार नेमका भेटतो: स्कॅन केलेली पानं टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामला द्यायची की चॅटबॉटला?

एक गैरसमज आधी दूर करू. टेसरॅक्ट म्हणजे ‘जुनं’ आणि चॅटबॉट म्हणजे ‘एआय’, अशी वाटणी चुकीची आहे. टेसरॅक्टचं काम 1985 मध्ये ह्युलेट-पॅकार्डमध्ये सुरू झालं, 2005 मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं आणि 2018 च्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्कच, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं एआयचंच तंत्र, अक्षरं ओळखतं. ते आता इतकं अंगवळणी पडलंय की त्याला कुणी एआय म्हणतही नाही. त्यामुळे हे तंत्र टिकेल का, याबद्दल मला शंका नाही. त्याचं कोणतं रूप टिकेल, एवढाच प्रश्न उरतो.

सोय पाहिली तर चॅटबॉट पुढे आहे, हे मान्य करायला हवं. मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो, शिवणीजवळ वाकलेल्या ओळी, पुसट टाइप, सगळं तो खपवून घेतो. टेसरॅक्टची बडदास्त ठेवावी लागते. स्कॅन 300 डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके), टाइप बारीक असेल तर 400. रंग करड्या छटांत ठेवायचे आणि स्कॅनरचा डाग काढण्याचा पर्याय बंद करायचा, नाहीतर अनुस्वाराचं टिंबही डाग समजून उडतं. पान सरळ करून घ्यायचं. पानाची मांडणी सांगणारी पीएसएम ही सेटिंग एकसलग मजकुराच्या पानाला 6, दोन स्तंभ असतील तर 3. एवढं करूनही ‘ख’चा ‘रव’ होतो, ‘ध’-‘घ’ आणि ‘भ’-‘म’ यांची अदलाबदल होते.

तरी माझं पारडं टेसरॅक्टकडे झुकतं, आणि कारण एकच: अनुस्वार.

1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात ‘तीं घरांत गेलीं’ असं छापलेलं असतं. म्हणजे ती मुलं घरात गेली. चॅटबॉट त्याचं ‘ती घरात गेली’ करून देतो. वाक्य शुद्ध, वाचायला गुळगुळीत, आणि मुलांच्या जागी एक बाई घरात गेलेली! ‘जसंच्या तसं उतरव, शुद्धलेखन बदलू नकोस’ असं बजावलं तर पहिली काही पानं बरी जातात, मग पुन्हा तेच. कारण तो अक्षर पाहण्याबरोबर पुढे काय यायला हवं याचाही अंदाज बांधतो, आणि हा अंदाज आजच्या मराठीवर पोसलेला असतो. फाटलेल्या कोपऱ्यातला शब्दही तो याच अंदाजाने भरतो. लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत असतील, तर त्यातली एक गाळूनही टाकतो.

अनुस्वार टेसरॅक्टकडूनही सुटतात. पण माझ्या पाहण्यात ते सुटतात छपाई फिकी असेल तिथे. चॅटबॉट ठसठशीत छापलेलेही काढून टाकतो. ‘रवरा’ दिसलं की डोळा आपोआप अडतो. ‘गेली’वर तो अडत नाही, आणि मुद्रितशोधकाला मारक असतं ते हेच.

पुस्तक 1962 नंतरचं असेल आणि मजकूर फक्त शोधण्यापुरता हवा असेल, तर चॅटबॉट घ्यायला हरकत नसावी. वेळ खरंच वाचतो. जुनी आवृत्ती जतन करायची असेल, विकिस्रोत या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयावर चढवायची असेल, तर मूळ प्रत टेसरॅक्टचीच ठेवा. चॅटबॉटला दुसरा वाचक म्हणून बसवा: एका वेळी एकच पान द्या, आलेल्या ओळी मोजून मूळ पानाशी ताडा, मग दोन्ही मजकूर फरक दाखवणाऱ्या साधनात शेजारी-शेजारी लावा. जिथे दोघांचं जमत नाही तिथे स्कॅन मोठं करून स्वतः पाहा. फरक फक्त टिंबाचा असेल, तरीही पाहा.