एफडीएचं ऑरेंज बुक: पेटंट दिसतं, खटला नाही

ऑरेंज बुक म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाची, एफडीएची, मंजूर औषधांची नि त्यांच्या पेटंटांची यादी. अमेरिकेत एखाद्या औषधाचं जेनेरिक, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तेच औषध, कधी येईल हे ताडायला हे ऑनलाइन ऑरेंज बुक उत्तम, शिवाय फुकट. नाव टाका, अर्ज क्रमांक उघडा, खाली पेटंटचा तक्ता येतो. पेटंट संपायची शेवटची तारीख बघून हबकू नका, सगळी पेटंटं सारखी पक्की नसतात. 'डीएस' म्हणजे मूळ औषधी द्रव्यावरचं पेटंट, सहसा सगळ्यात चिवट. 'डीपी' आणि 'यू' खुणांची, म्हणजे घडणीची नि वापराची, त्यामानाने लेचीपेची.

खोट मोठी आहे. जेनेरिकवाल्याची पेटंटला आव्हान देणारी नोटीस मिळाल्यापासून 45 दिवसांत मूळ कंपनीने दावा ठोकला, की अंतिम मंजुरी 30 महिन्यांपर्यंत लटकते. त्याचा इथे मागमूस नाही. आव्हानांची यादी वेगळी, खटल्याचा निकाल कोर्टाच्या नोंदींत. आणि पेटंट ऑरेंज बुकात बसतं का, हे एफडीए तपासत नाही. कंपनी देते तेच छापतात!