दोन मशीन आणि झेडएफएस रेप्लिकेशन: डाळ मिलमधल्या वापरानंतरचा अनुभव

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. तुरीची आवक सुरू झाली की वजनकाटा, बिलिंग, टॅली यातलं काहीही अर्धा तास बंद पडलेलं चालत नाही. गाड्यांची रांग गेटबाहेर जाते. मालकांनी बजेट दिलं दोन मशीनचं. प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी कॉम्प्युटर, चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं नक्की होतं, अडलं होतं स्टोरेजवर: एक मशीन गेलं तरी दुसऱ्याला डेटा मिळावा, तर तो ठेवायचा कसा. अख्खा सीझन आणि उन्हाळा वापरून झाल्यावर लिहितोय.

एनएएस, म्हणजे दोन्ही मशीननी नेटवर्कवरून वापरायची सामाईक डिस्कपेटी, पहिल्यांदा बाद केला. मशीन गेलं तर व्हीएम दुसरीकडे उठतं हे खरं, पण एनएएसच गेला तर दोन्ही मशीन असून नसल्यासारखी. सेफला (Ceph, अनेक मशीनच्या डिस्क मिळून एक स्टोरेज करणारं सॉफ्टवेअर) किमान तीन नोड, म्हणजे तीन मशीन, हवेत, वर 10 गिगाबिटचं नेटवर्क. डीआरबीडी हे डिस्कची प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवणारं सॉफ्टवेअर दोन मशीनवर चांगलं चालतं, प्रत्येक राइट दोन्हीकडे पोचवून मगच पुढे जातं. पण मधली लिंक तुटून दोन्ही बाजू स्वतःलाच मुख्य समजू लागल्या, तर खरी प्रत कुठली हे जाणकार माणसाला बसून ठरवावं लागतं. मिलमध्ये रात्री असा माणूस नसतो.

राहिलं झेडएफएस या फाइल सिस्टिमचं रेप्लिकेशन, म्हणजे दुसऱ्या मशीनवर प्रत पाठवत राहणं. यात प्रत्येक मशीनची डिस्क स्वतःची. ठरलेल्या वेळाने फक्त बदललेला भाग दुसरीकडे जातो. पहिली फेरी जड असते: साध्या गिगाबिटवर 200 जीबीला अर्धा तास धरा. नंतरच्या फेऱ्या काही सेकंदांत उरकतात. मूळ सेटिंग 15 मिनिटांचं, कमीत कमी 1 मिनिट ठेवता येतं. मशीन अचानक मेलं तर शेवटच्या फेरीनंतरचं काम जातं, म्हणून मालकांना मी आधी एकच विचारलं: कुठलं काम किती मिनिटांचं गेलेलं चालेल? त्यावरून काट्याचं व्हीएम 1 मिनिटावर ठेवलं, टॅली 5 वर, बाकीचं 15 वर. कुठलं मशीन चालू धरायचं यावर मत द्यायला तिसरं यंत्र लागतंच, नाहीतर एक मशीन पडल्यावर उरलेलं एकटं काही ठरवू शकत नाही. तिथे रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर क्यूडिव्हाइस, म्हणजे फक्त मत देणारं सॉफ्टवेअर, बसवलं, ते पुरतं.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. भर दुपारी एका मशीनचा पॉवर सप्लाय उडाला. काट्यावर तुरीची गाडी उभी, स्क्रीन गोठलेला, ऑपरेटर फोनवर, "काय व्हयनं भाऊ?" मशीन गेलंय हे ओळखून व्हीएम दुसरीकडे सुरू करायला प्रॉक्समॉक्सला साधारण 2 मिनिटं लागतात, वर विंडोज बूट होण्याचा वेळ. मी पोचायच्या आत काटा चालू होता. शेवटची एक पावती गायब होती, ती पावती पुस्तकातल्या कार्बन प्रतीवरून पुन्हा टाकली.

पैसे कुठे घालायचे म्हणाल तर एसएसडीत. वीज गेल्यावर कॅशमधला डेटा उतरवायला आत कपॅसिटर असलेल्या, म्हणजे पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्याच घ्या. घरगुती एसएसडी डब्यावर कितीही वेग छापो, डेटाबेसचे सिंक राइट सुरू झाले की रांगायला लागते, कारण प्रत्येक राइट खरोखर चिपवर उतरेपर्यंत तिला थांबावं लागतं. कपॅसिटरवाली लगेच होकार देते. मी सर्व्हरमधून निघालेल्या 480 जीबीच्या सॅटा एसएसडी घेतल्या, डिस्क स्वतःच देते त्या स्मार्ट (SMART) रिपोर्टमधली झीज बघून, प्रत्येक मशीनमध्ये दोन मिरर करून, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. नव्या घरगुतीपेक्षा या जुन्या मला जास्त भरवशाच्या वाटतात. एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) हार्ड डिस्क मात्र झेडएफएसला अजिबात लावू नका, डिस्क बदलल्यावर रिसिल्व्हर, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं, संपता संपत नाही.

आपल्याकडच्या उन्हाची सोय वेगळी करावी लागते. बाहेर 45 अंश आणि वर डाळीची धूळ, त्यामुळे मशीन मिलच्या शेडमधून उचलून ऑफिसच्या एसी खोलीत आणली. डिस्कचं तापमान रोज मेलवर येतं.

रेप्लिकेशनला बॅकअप समजून बसू नका. कोणी टॅलीचा फोल्डर उडवला तर तो दुसऱ्या मशीनवरूनही मिनिटांत उडतो. आमचा रात्रीचा बॅकअप तिसऱ्या जुन्या पीसीवर जातो, प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर टाकून. एक मिनिटही गमावणं परवडत नाही असं काम असेल, दवाखान्याच्या नोंदी किंवा पतसंस्थेचा काउंटर, तर हे घेऊ नका. तिसऱ्या नोडचे पैसे साठवा आणि सेफकडे जा.