डेल्व्होटेस्ट एसपी-एनटी : शीतकरण केंद्रावर ठेवावीच, पण औषधांच्या नोंदवहीसकट

दगडी (कासदाह) झालेल्या गाईच्या सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली आणि दुसऱ्या दिवशी तेच दूध केंद्रावर आलं, तर फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि इतर घन घटक) मोजणाऱ्या यंत्राला काहीच कळत नाही. उकळूनही पेनिसिलिन फारसं जात नाही. हे दूध पकडायला डेल्व्होटेस्ट ही दुधातली प्रतिजैविकं शोधणारी चाचणी उत्तम आहे, आणि पेनिसिलिन गटापुरतं तिच्यावर निर्धास्त विसंबावं.

छोट्या कुपीत जांभळं अगार (जेलीसारखा थर) असतं आणि त्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जंतूचे बीजाणू. वर 0.1 मिली दूध घालायचं आणि कुपी 64 अंश सेल्सिअसला साधारण तीन तास ठेवायची. दूध स्वच्छ असेल तर जंतू वाढतात, आम्ल तयार होतं आणि अगार पिवळं होतं. औषध असेल तर ते जांभळंच राहतं. पेनिसिलिन असलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही, त्यामागेही हेच कारण. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची मर्यादा लिटरला 4 मायक्रोग्रॅम पेनिसिलिन जी इतकी आहे, ही चाचणी त्याच्याही खाली पोचते.

चुका होतात त्या बहुतेक तापमानात. गावाकडे वीज गेली की कुपी तापवणारा ब्लॉक हीटर थंड होतो, जंतू वाढत नाहीत आणि चांगलं दूधही जांभळं दिसतं. म्हणून हीटर इन्व्हर्टरवर हवा, आणि ब्लॉकच्या खाचेत वेगळा थर्मामीटर हवा. हीटरवर दिसणाऱ्या आकड्यावर जाऊ नये. उलट, कुपी जास्त वेळ राहिली तर थोडं औषध असलेलं दूधही पिवळं होऊन सुटतं. यावर उपाय एकच: प्रत्येक खेपेला औषध न दिलेल्या गाईंच्या दुधाची एक कुपी सोबत लावा. ती पूर्ण पिवळी झाली की लगेच बाकीच्या वाचा, घड्याळ नंतर. रंग पाहायचा तो अगारच्या खालच्या दोन तृतीयांश भागात. दर नमुन्याला पिपेटचं नवं टोक घ्या, आधीच्या टोकाला चिकटलेला थेंबही पुढच्या शेतकऱ्याचं दूध नापास करू शकतो.

चीक आणि कासदाहाच्या दुधात लायसोझाइम, लॅक्टोफेरिन हे नैसर्गिक घटक जास्त असतात, तेही जंतूला रोखतात. अशा एकेका गाईचा नमुना जांभळा आला तर दूध 80 अंशांवर 10 मिनिटं तापवून, थंड करून पुन्हा लावा. तरीही जांभळाच राहिला तर औषधाचा संशय बळावतो. फॉर्मॅलिन घातलेलं किंवा कॅन नीट न धुतल्याने साबण उतरलेलं दूधही जांभळं राहू शकतं, तेव्हा निकाल आल्या आल्या शेतकऱ्यावर औषधाचा शिक्का मारू नये.

खरी उणीव वेगळीच आहे. एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आपल्याकडे गोठ्यात सर्रास टोचलं जातं, आणि मर्यादेजवळच्या प्रमाणात ते या कुपीला सहसा दिसत नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिन या दुसऱ्या प्रतिजैविकाच्या बाबतीतही ती कमी पडते. त्यासाठी त्या-त्या औषधगटाच्या झटपट तपासणीच्या पट्ट्या वेगळ्या घ्याव्या लागतात. दारात टँकर उभा असतानाही पट्टीच कामाची, तीन तास कोण थांबणार? डेल्व्होटेस्टची जागा बल्क कूलरवर (गावचं दूध एकत्र थंड करणाऱ्या टाकीवर) आणि संशयित गोठ्यांच्या साप्ताहिक तपासणीत आहे.

शिवाय कुपी पिवळी झाली म्हणजे गोठ्यात औषध कमी वापरलं, असं मुळीच नाही. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या 2018 च्या पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी 77 दुधांत प्रतिजैविकं मर्यादेबाहेर निघाली. आकडा छोटा आहे, पण किती इंजेक्शनं दिली गेली हे त्यातून कळत नाही, आणि प्रतिरोध (जंतूंनी औषधाला न जुमानणं) वाढतो तो वापरामुळे. म्हणून या खरेदीबरोबर दूध संघाने गोठ्यागणिक नोंदवही सुरू करावी: कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक, औषध, मात्रा, किती दिवस, शेवटच्या डोसची वेळ, आणि लेबलवर दिलेला दूध न घालण्याचा काळ धरून दूध परत घालायची तारीख. भाकड काळात सोडलेल्या ट्यूबाही त्यात हव्यात, त्याच सर्वात जास्त विसरल्या जातात.

नापास दूध वासरांना पाजायची सवय मात्र आधी थांबवा. औषधाची ती थोडी मात्रा वासराच्या आतड्यातल्या साध्या जंतूंना मारते आणि प्रतिरोधी जंतूंना मोकळं रान देते. पुढे तेच जंतू शेणातून गोठाभर पसरतात.