विनिकुन्काची क्वाड बाईक ट्रिप: चालवायला भारी, पण "थेट शिखरावर" वगैरे काही नाही

पेरूत कुस्कोला जाणाऱ्यांच्या लिस्टमध्ये विनिकुन्का, म्हणजे तो फेमस रेनबो माउंटन, असतोच. तिथे साध्या व्हॅनने जायचं की क्वाडने, म्हणजे चार जाड चाकांच्या उघड्या बाईकने, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. आम्ही क्वाडवाली डे ट्रिप घेतली, मी, नवरा आणि नणंद. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण कुस्कोच्या मुख्य चौकाच्या, प्लाझा दे आर्मासच्या, आजूबाजूला जिकडे बघाल तिकडे ह्याच ट्रिपचे बोर्ड आहेत आणि बऱ्याचदा पैसे घेणारा एक आणि प्रत्यक्ष नेणारा दुसराच असतो.

पहाटे अंधारातच पिकअप. कुसिपाता गावापर्यंत व्हॅन, मग वर कच्च्या रस्त्याने क्वाडच्या तळावर, तिथे ब्रेड, अंडी आणि माते दे कोका, म्हणजे कोकाच्या पानांचा चहा. नंतर एक फॉर्म पुढे सरकवतात, तो प्लीज वाचा, क्वाडचं काही नुकसान झालं तर खर्च तुमचा असं त्यात असतं. आणि आपला ट्रॅव्हल इन्शुरन्स क्वाडला लागू आहे का तेही निघायच्या आधीच बघा, खूप पॉलिसींमध्ये तो वगळलेला असतो.

चालवायला क्वाड सोपी आहे, ऑटोमॅटिक गिअर, थ्रॉटल उजव्या अंगठ्याने दाबायचा, बस. मोकळ्या जागेत एक-दोन राउंड मारायला लावले, ज्याला जमत नव्हतं त्याला गाईडने सरळ मागच्या सीटवर बसवलं, हे मला आवडलं. फक्त स्कूटरची सवय असलेल्यांनी लक्षात ठेवा, क्वाड स्कूटरसारखी झुकत नाही, हँडल जोर लावून फिरवावं लागतं आणि वळणावर अंग आतल्या बाजूला टाकावं लागतं. मी सिंगल घेतली, नवरा आणि नणंद डबलवर. डबल स्वस्त पडते पण चढावर ती अक्षरशः रडते, एवढ्या उंचीवर हवा विरळ त्यामुळे इंजिनचीही ताकद कमी होते, आणि मागे बसलेल्याला धूळ आणि धक्के सोडून काही मिळत नाही. नणंद वर पोचेपर्यंत दादाशी बोलतच नव्हती.

रस्ता मात्र कमाल आहे. एका बाजूला दरी, खाली दगडी कुंपणांची छोटी छोटी शेतं, मध्येच अल्पाकांचा कळप रस्त्यात येऊन निवांत उभा राहतो आणि सगळी रांग थांबते. एक गाईड पुढे, एक मेकॅनिकसकट शेवटी, ओव्हरटेक बंद. धुळीसाठी बफ, म्हणजे तोंडावर ओढायचं कापड, त्यांनी दिलं नाही, हेल्मेट दिलं पण काच इतकी ओरखडलेली की मी ती वर करूनच चालवली. ग्लोव्हज स्वतःचे न्या, सकाळी अंगठा गारठून दगड होतो आणि थ्रॉटल किती दाबलाय तेच कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. जाहिरातीत "क्वाडने थेट रेनबो माउंटन" लिहिलेलं असतं. तसं काही नसतं. क्वाड पार्किंगला लागते आणि पुढचा चढ पायीच चढायचा असतो, आणि खरा कस तिथेच लागतो. व्ह्यूपॉइंट ५,००० मीटरच्या वर आहे, कुस्को साधारण ३,४०० वर, आणि ह्या उंचीवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्माच ऑक्सिजन मिळतो. लडाखचा खारदुंगला घाट केलेल्यांना वाटेल की हे काय विशेष, पण तिथे आपण गाडीतून उतरतो, फोटो काढतो, परत बसतो, इथे चढायचं असतं. दहा पावलं, थांबा, परत दहा पावलं. लोकल लोक घोडे घेऊन उभे असतात, सोल (पेरूचं चलन) मोजून बसता येतं, पण शेवटच्या तीव्र टप्प्याला घोडेवालाही उतरवतो. क्वाडवर बसून आल्यामुळे उलट शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही असं माझं मत झालं. म्हणून कुस्कोला उतरल्यावर दोन-तीन दिवस तरी आरामात काढा आणि मगच ही ट्रिप लावा. उंचीच्या त्रासावर गोळ्या घ्यायच्या तर घरूनच डॉक्टरांना विचारून. डोकं ठणकायला लागलं, उलटी होतेय असं वाटलं तर हट्ट न करता खाली यायचं. आमच्या गाईडकडे ऑक्सिजनचा सिलिंडर होता, बुकिंगच्या वेळीच हे विचारा.

डोंगर कसा आहे? छान आहे, पण फोनवर बघितलेले ते भडक गुलाबी-निळे रंग डोक्यातून काढून टाका. प्रत्यक्षात विटकरी, पिवळट, पांढरट, फिकट हिरवा असे पट्टे आहेत, वेगवेगळ्या खनिजांचे थर, लाल दिसतो तो लोखंडाच्या गंजामुळे. मला तर पाठीमागचा अउसांगाते जास्त आवडला, ६,३८४ मीटरचा बर्फाळ डोंगर, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही, सगळे फोटोच्या रांगेत. वर वेळ कमी देतात. अर्धा तास झाला नाही तोच गाईड शिट्टी मारायला लागला, एवढे पैसे घेऊन हे बरोबर नाही.

उतरताना खरी काळजी घ्या, दमलेले असतो, ब्रेक सतत धरून हात भरून येतात. जेवण उशिरा, किनोआचं सूप मस्त, व्हेज असाल तर आधी सांगा. एंट्री तिकीट वेगळं, टॉयलेटचेही वेगळे, सुट्टे सोल ठेवा.

५ पैकी साडेतीन. फक्त डोंगर बघायचाय तर व्हॅनने जा, तीही बऱ्यापैकी वरपर्यंत सोडते आणि बरीच स्वस्त पडते. क्वाड चालवायची हौस असेल तरच हे पैसे वसूल. आणि शक्यतो मे ते सप्टेंबरमध्येच जा, डिसेंबर ते मार्च पावसात चिखल असतो आणि वर बर्फ पडला तर रंग गायब. आमच्या पावतीवर हवामानामुळे पैसे परत मिळणार नाहीत असं बारीक अक्षरात छापलेलं होतं, तेही फक्त स्पॅनिशमध्ये, तेव्हा पैसे देण्याआधी तारीख बदलून देणार का ते विचारून घ्या.